नातीला न्यायला लेक-जावई मुंबईत येताहेत

प्रश्न: माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीला असतात. दोघांकडे अमेरिकेचं नागरिकत्व आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड आहे, आठ वर्षांचा एक मुलगा आहे. आता मुंबईतल्याच एका संस्थेतली साडेचार वर्षांची मुलगी ते दत्तक घेत आहेत. ‘कारा’मार्फत, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत, तिची माहिती आली, लेक-जावयाने होकार कळवला, ‘कारा’च्या एनओसीची (ना-हरकत प्रमाणपत्राची) वाट आहे. मुलीची टाळू जन्मतः दुभंगलेली होती, ऑपरेशन झालंय. तिघं मुलुंडला आमच्याकडेच उतरतील. जावयाला तीन आठवड्यांचीच रजा आहे. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो, नेमके त्याच सुमारास येतील असं दिसतंय. माझे बंधू म्हणतात, एवढं थांबायचं कशाला, घरी होम करून दत्तकविधान करा, दत्तकपत्र रजिस्टर करा आणि मुलीला घेऊन जा. मुलीला थोडं आधी आमच्याकडे आणून ठेवता येईल का? बारसं करावं का? मी काय काय तयारी ठेवू?
– एक आजी, मुलुंड

ताई, आधी बंधूंच्या सल्ल्याबद्दल बोलू, कारण सगळं मुळापासून बिघडवेल अशी तुमच्या पत्रातली गोष्ट तेवढीच आहे. होम, दत्तकविधान, रजिस्टर केलेलं दत्तकपत्र हा हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याचा, म्हणजे 1956 च्या कायद्याचा रस्ता. संस्थेत वाढणारी आणि बाल कल्याण समितीने दत्तकासाठी कायदेशीर मोकळी ठरवलेली मुलं त्या रस्त्याने घरी येत नाहीत. त्यांच्यासाठी बाल न्याय अधिनियम 2015 आणि 2022 ची दत्तक नियमावली आहे. ती डावलून अनाथ, टाकून दिलेलं किंवा संस्थेकडे सोपवलेलं मूल देणं-घेणं हा त्याच कायद्याच्या कलम 80 खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

अमेरिकेच्या बाजूने तर नुकसान याहून मोठं. भारत आणि अमेरिका दोघेही 1993 च्या हेग दत्तक करारात आहेत. करारातल्या देशातून मूल न्यायचं असेल तर अमेरिकी नागरिकाने आधी आय-800ए या अर्जावर स्वतःची पात्रता मंजूर करून घ्यायची, मग त्या ठरावीक मुलासाठी आय-800 भरून त्याची तात्पुरती मंजुरी घ्यायची, आणि दत्तकाचा आदेश त्यानंतरच व्हायचा. हा क्रम उलटला, दत्तक आधी झालं, की आय-800 नामंजूर होतो. मग कागदोपत्री ती तुमच्या लेकीची मुलगी, पण तिच्या घरी जायला व्हिसा नाही, असं होऊन बसतं. बंधूंना आपुलकीने वाटत असणार, पण त्यांना हे स्पष्ट सांगा. होम नंतर हवा तेवढा मोठा करता येईल.

आता एनओसी. कागद नेमका कुठे आहे हे कळायला लेकीला एकच विचारा: दिल्लीच्या अमेरिकी दूतावासाचं ‘आर्टिकल फाइव्ह’ (हेग कराराच्या कलम 5 खालचं) पत्र निघालं का? आय-800 ची तात्पुरती मंजुरी आणि मुलीचा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज तपासून दूतावास हे पत्र देतो, आणि त्यावरून ‘कारा’ एनओसी देते. पत्र निघालं नसेल तर मुंबईतल्या संस्थेला रोज फोन करून काही हलणार नाही. अडलंय ते तिकडे, आणि पाठपुरावा अमेरिकेतल्या त्यांच्या दत्तक एजन्सीने करायचा.

एनओसी आली की संस्था जिल्हाधिकाऱ्यांकडे दत्तक आदेशासाठी अर्ज करते. पूर्वी हे काम कोर्टात चालायचं, त्यामुळे ओळखीतले लोक अजून ‘कोर्टाची तारीख’ म्हणतील. 1 सप्टेंबर 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी देतात. संस्था शहरात असेल तर फोर्टच्या जुन्या कस्टम हाउसमधलं कार्यालय, उपनगरात असेल तर वांद्रे पूर्वचं. तुम्ही मुलुंडला राहता याचा इथे संबंध नाही, संस्था कुठल्या जिल्ह्यात आहे ते बघतात. आदेशासाठी नियमात दोन महिन्यांची मुदत आहे. प्रकरण बंद दाराआड चालतं, तेव्हा मामा-मावश्यांनी सोबत जायचं कारण नाही. लेक-जावयाने तिकडून कोणाच्या नावे मुखत्यारपत्र दिलंय आणि सुनावणीला दोघांनी हजर राहावं लागेल का, हे संस्थेकडून लेखी विचारून घ्यायला सांगा.

आदेशानंतर तीन कागद तयार होतात: ‘कारा’चं हेग कराराच्या कलम 23 खालचं अनुरूपता प्रमाणपत्र (दत्तक करारानुसार झाल्याचं), आईवडील म्हणून लेक-जावयाचं नाव असलेला महापालिकेचा जन्मदाखला, आणि मुलीचा भारतीय पासपोर्ट. जन्मदाखला आणि पासपोर्टचे अर्ज संस्था करते. नियमावली पासपोर्टसाठी दहा दिवस म्हणते. ठरवताना मात्र त्यात काही आठवडे धरा, कारण एक कागद अडला की त्यामागचे सगळे थांबतात आणि मुंबईत गणपती ते दिवाळी सुट्ट्यांची रांगच असते.

कागद सर्वांत जास्त अडतात ते नावावर. जन्मदाखल्यावर मुलीच्या नावात डबल ई, पासपोर्टवर आय. आडनाव चौधरी असेल तर कुठे ओयू, कुठे एयू. आईच्या अमेरिकी पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं, ओसीआय कार्डावर नवऱ्याचं, आणि लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव. आपल्याकडे नाव-वडिलांचं नाव-आडनाव अशी सवय, तर तिकडच्या अर्जात मधल्या नावाचा वेगळा रकाना. यातला एक फरक सुधारायलाही महापालिकेत किंवा पासपोर्ट कार्यालयात पुन्हा फेरी लागते, आणि तोपर्यंत जावयाची रजा संपते. म्हणून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जायच्या आधीच एका कागदावर मुलीचं पूर्ण नाव, आई आणि वडील यांची नावं इंग्रजी आणि देवनागरीत, पासपोर्टवर आहेत तशी अक्षरन् अक्षर लिहून दोघांनी सही करून संस्थेला द्यावीत. आदेशाचा मसुदा दाखवायची विनंती करावी. आदेश हातात आला की तिथल्या तिथे वाचावा: नाव, जन्मतारीख, लिंग. प्रमाणित प्रती किमान पाच घ्याव्यात.

मुलीचं सध्याचं नाव बदलायचं का, हा निर्णयही तेव्हाच घ्यावा लागतो. साडेचार वर्षांच्या मुलीला आपलं नाव हे आपण स्वतः वाटतं. आमचं मत सरळ आहे: तेच ठेवावं, फार तर दुसरं नाव जोडावं.

मुलीला आधी आणता येईल का? नियम सांगतो की एनओसी मिळाल्यावर, आदेश व्हायचा असताना, भावी आईवडील ठरलेल्या नमुन्यात हमीपत्र देऊन मुलाला दत्तकपूर्व संगोपनासाठी घेऊ शकतात. हे भारतातच, तात्पुरतं. मुलीचा शेवटचा ताबा मिळतो तो आदेश, पासपोर्ट आणि व्हिसा झाल्यावर. यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचा रोख तिकडे दिसतो. मूल मिळतं ते आईवडिलांना, आजीआजोबांना नाही. लेक-जावई येऊन मुलीला तुमच्याकडे आणतील, रजा संपली की परत जातील आणि व्हिसा होईपर्यंत ती तुमच्याजवळ राहील, असा बेत मनात असेल तर तो सोडा. नियमात तर बसतच नाही, पण मुलीच्या दृष्टीने ते जास्त वाईट. सांभाळणाऱ्या मावश्या तिने आधीच बदलत्या पाहिल्यात. ‘ही तुझी आई’ म्हणून आणलेली बाई दहा दिवसांत विमानाने निघून गेली, तर पुढच्या वेळी ती कोणाच्या कडेवर सहज जाणार नाही.

म्हणून दोनच बेत जमतात. लेकीला दीड-दोन महिने किंवा जास्तही सलग राहता येत असेल, घरून काम करायची सोय असेल, तर एनओसीनंतर दोघांनी यावं, मुलीला घ्यावं, जावई मधे जाऊन परत आला तरी लेकीने हलू नये. हे शक्य नसेल तर मुलीचा पासपोर्ट निघाल्याचं संस्थेने कळवल्यावरच तिकिटं काढावीत. तीन आठवड्यांच्या रजेला हा दुसरा बेत धरावा. पहिला साधारण आठवडा संस्थेत भेटी आणि मुलगी घरी येणं, दुसरा मेडिकल आणि दिल्ली, तिसरा अडचणींसाठी राखीव. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच घ्यायचं, आणि दोघांपैकी एकाने ऑफिसात आणखी दोन आठवड्यांची बोलणी आधीच करून ठेवायची.

व्हिसाची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होत नाही. दत्तक मुलांचे व्हिसा दिल्लीचा अमेरिकी दूतावास देतो. मेडिकल मात्र दूतावासाने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरांपैकी मुंबईतल्या डॉक्टरांकडे करता येतं, आणि ते इथेच उरकून दिल्लीला जावं. दोन ते चौदा वयाच्या मुलांना क्षयासाठी इग्रा नावाची रक्ततपासणी लागते. लहानपणच्या बीसीजीचा तिच्यावर परिणाम होत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर घाबरायचं नाही. छातीचा एक्सरे काढतात, तो स्वच्छ असला आणि मुलगी बरी असली तर प्रवास थांबत नाही. एक्सरेत काही दिसलं तर थुंकीच्या तपासण्या आल्या, आणि त्यातल्या कल्चरचा निकाल यायला आठ आठवडे लागतात. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना काही अटींवर निकालाआधी जाऊ देण्याची तरतूद आहे. वेळ आलीच तर डॉक्टरांना तीच नेमकी विचारावी. लसींचंही तसंच: राहिलेल्या सगळ्या लसी एका दिवसात टोचून घ्यायची गरज नाही. दहा वर्षं किंवा कमी वयाच्या दत्तक मुलांसाठी, अमेरिकेत पोचल्यापासून तीस दिवसांत लसी देऊ असं प्रतिज्ञापत्र आईवडील देऊ शकतात, त्या फॉर्मचं नाव डीएस-1981. संस्थेकडचं लसीकरण कार्ड मात्र मूळचं मागून घ्यावं. व्हिसाचा फोटो दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी. पासपोर्टच्या मापाचे फोटो तिथे चालत नाहीत.

दिल्लीसाठी चार-पाच दिवस धरा आणि मुलीला बाहेरगावी नेतोय याचं संस्थेचं पत्र जवळ ठेवा. व्हिसासोबत सीलबंद पाकीट मिळालं तर ते कोणीही उघडायचं नाही, अगदी उत्सुकतेनेही नाही. आदेश, अनुरूपता प्रमाणपत्र, जन्मदाखला आणि हे पाकीट विमानात हातातल्या बॅगेत.

एक पैशांचं. ‘कारा’च्या कॅरिंग्स पोर्टलवर दाखवलेल्या ठरीव शुल्काखेरीज कोणी काही मागितलं तर देऊ नका. आणि तुम्हाला आनंदाने संस्थेला देणगी द्यावीशी, मुलांना नवे कपडे वाटावेसे वाटतील, ते सगळं होईपर्यंत थांबवा. दत्तकाच्या बदल्यात रोख किंवा वस्तूरूपाने काहीही घेणं संस्थेला मना आहे, आणि चांगल्या मनाने दिलेली वस्तूही चौकशीत वेगळी दिसते.

आता तुमचं घर.

तुम्ही तयारी काय ठेवू विचारलंत, आणि बहुधा मनात खोली, फ्रॉक, खेळणी, फुगे असतील. त्यातलं फारसं लागणार नाही. संस्थेत मुलं एका हॉलमध्ये शेजारीशेजारी झोपतात, रात्रभर एखादा दिवा असतो, कोणीतरी जागं असतं. अशा मुलीला वेगळ्या खोलीत, वेगळ्या पलंगावर, दिवा बंद करून झोपवलं की ती रडेल, किंवा न रडता रात्रभर डोळे उघडे ठेवून पडून राहील. दुसरं जास्त काळजीचं. आईबाबांच्या खोलीतच जमिनीवर गादी घाला, आई एका बाजूला, एक मंद दिवा. संस्थेतून येताना तिचं रोजचं पांघरूण आणि एक वापरलेला फ्रॉक मागून घ्यायला लेकीला सांगा, आणि तुम्ही तो लगेच धुऊन टाकू नका. त्याला येणारा वासच त्या घरात तिच्या ओळखीचा असणार.

संस्थेतल्या मावशींना विचारायच्या गोष्टी लेकीने वहीत लिहून न्याव्यात. उठते कधी, झोपते कधी, दुपारी झोपते का. शी-शूसाठी कुठला शब्द वापरते. आंघोळ बादलीने की बसून, साबण कुठला. कोणाला घाबरते: पुरुषांना, कुत्र्याला, मिक्सरच्या आवाजाला? तिची जवळची मैत्रीण कोण? त्या मैत्रिणीचा निरोप घेऊ द्यावा, दोघींचा एक फोटो संस्थेच्या परवानगीने मागावा. चोरून, नकळत उचलून आणू नये. तिला कळलं पाहिजे की ती जातेय. आत्ता, एनओसीची वाट बघतानाच, लेकीने छोटा अल्बम संस्थेकडे पाठवावा: आई, बाबा, दादा, तुमचं घर, तिची झोपायची जागा. मोठे फोटो, एका पानावर एक, लॅमिनेट केलेले. संस्थेने होकार दिला तर व्हिडिओ कॉल करावा, पण पाच-दहा मिनिटांचाच.

पहिले तीन-चार आठवडे तिला भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं, पडली तर उचलणं ही कामं फक्त आईबाबांनी करायची. आजी म्हणून हे तुम्हाला जड जाईल. साडेचार वर्षांची गोड मुलगी तुमच्याकडे हात पसरून येईल, कारण संस्थेत वाढलेली मुलं कोणाहीकडे अशी जातात. त्याला माया म्हणत नाहीत, ती सवय असते. नेमकी आई कोण, भूक लागली की कोणाकडे जायचं, हे तिला अजून ठाऊक नाही, आणि ते कळायला एकाच माणसाकडून तीच तीच गोष्ट शंभरदा व्हावी लागते. ती तुमच्याकडे आली की हसून, पाठीवरून हात फिरवून, ‘चल, आईला सांगू या’ म्हणत लेकीकडे न्या. तुम्ही स्वयंपाक सांभाळा, फोन सांभाळा, दार सांभाळा. या दिवसांत लेकीला याच मदतीची गरज असेल.

दार सांभाळायचं म्हणजे पाहुणे थोपवायचे. इथे गणपतीचा प्रश्न येतो. तारखा एकत्र येत असतील तर मुलगी विसर्जनानंतर घरी येईल असं ठरवा. तोवर लेक-जावयाने संस्थेत जाऊन भेटी वाढवाव्यात. पाच दिवस दारात चपलांचा ढीग, प्रत्येक आरतीला नवे चेहरे, प्रत्येकजण गाल ओढणार, ‘मला ओळखलंस का?’ विचारणार, बाहेर ढोल आणि फटाके, हे तिच्या पहिल्या आठवड्यात नको. तारीख पुढे ढकलता येतच नसेल, तर यंदा गणपती दिरांकडे किंवा भावाकडे बसवता येतो का बघा. घरातच बसवायचा असेल तर आरतीला घरचीच माणसं, झांजा नाहीत, आणि दर्शनाला येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवा की या वर्षी नको. लोक समजून घेतात, आधी सांगितलं तर.

बारसं जरूर करा, पण आदेश झाल्यावर, ती घरात रुळल्यावर, आणि दहा-बारा माणसांतच. कानात नाव सांगायचा मान आत्याचा असला तरी आधी मुलीची परवानगी घ्या. अनोळखी बाई अचानक कानाशी आली तर दचकेल. जावळ काढायचा आग्रह नको. केस हे तिचं स्वतःचं म्हणून असलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक.

आणि फोटो. संस्थेत असलेल्या, कायद्याच्या संरक्षणातल्या मुलाची ओळख उघड होईल असं नाव, फोटो, माहिती प्रसिद्ध करायला कलम 74 खाली मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीच्या ग्रुपवर ‘आमची नात’ म्हणून टाकलेला एक फोटो बघता बघता कुठेही पोचतो. अंतिम आदेश होईपर्यंत एकही नको. आदेशानंतरही ती कुठल्या संस्थेतून आली, कशी सापडली, ही माहिती तिची आहे. शेजारी विचारतील, ‘आईबाप कोण होते?’ उत्तर एकच ठेवा: ‘तिचे आईबाबा हे समोर बसलेत.’ तिच्यासमोर मात्र दत्तक हा शब्द लपवू नका, ती साडेचारची आहे, तिला सगळं आठवतंय.

खाण्याचं सांगते. संस्थेत मिळतं तेच पहिले आठ-दहा दिवस: मऊ वरणभात, खिचडी, पेज, नाचणीचं सत्त्व, केळं. श्रीखंड-पुरी, चॉकलेट, केक यांनी पोट बिघडेल आणि मेडिकलच्या आठवड्यात ते परवडणार नाही. संस्थेतली काही मुलं खूप खातात, थांबतच नाहीत. काही खाणं लपवून ठेवतात. उशीखाली अर्धी पोळी किंवा बिस्किट सापडलं तर रागवू नका, हसूही नका. तिच्या हाताला लागेल असा एक डबा ठेवा, त्यात राजगिऱ्याचा लाडू, बिस्किटं, आणि तो कधी रिकामा होऊ देऊ नका. मिळतं, उद्याही मिळतं, हे पटलं की लपवणं आपोआप कमी होतं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र त्या डब्यात नकोत, घशात अडकतात.

टाळूचं ऑपरेशन झालेलं असल्याने आणखी थोडं. पातळ पदार्थ नाकातून येतात का हे मावशींना विचारा. येत असतील तर टाळूत बारीक छिद्र राहिलेलं असू शकतं, ते डॉक्टरांना दाखवावं लागतं. ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, तारीख, पुढचं ऑपरेशन सुचवलंय का, या कागदांच्या प्रती मागून घ्या, तिकडच्या डॉक्टरांना त्या लागतील. आणि कान तपासून घ्या. टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि ऐकू कमी येतं. हाक मारल्यावर वळत नाही म्हणून हट्टी ठरवली गेलेली मुलगी प्रत्यक्षात ऐकू न आल्याने वळत नसते. परळचं वाडिया हॉस्पिटल किंवा वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथे श्रवण तपासणी होते. विमान उतरताना अशा कानांत फार दुखतं, म्हणून निघण्यापूर्वी कानाच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

बोलणं अस्पष्ट असेल, तर तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावू नका. आणि लेकीने तिच्याशी मराठीत बोलावं, किंवा संस्थेत हिंदी असेल तर हिंदीत. इंग्रजी तिकडे गेल्यावर येईलच.

नातवाचं पत्रात एकच वाक्य आहे, पण त्याचाही विचार करा. बहीण येणार म्हणजे खेळायला कोणीतरी येणार असं त्याला सांगितलेलं असणार, आणि येईल ती त्याची खेळणी ओढणारी, त्याची भाषा न कळणारी, आईला चिकटून बसलेली मुलगी. इथे तुम्ही हक्काने पुढे या. रोज तास-दीड तास तो तुमचा आणि आजोबांचा: लोकलने फिरवून आणा, राणीच्या बागेत न्या. त्याच्या दोन-तीन आवडत्या वस्तू कपाटात कुलूपबंद ठेवायची मुभा त्याला द्या.

प्रवासाची सवय हळूहळू. संस्थेतलं मूल गाडीत फारसं बसलेलं नसतं, पहिल्याच टॅक्सीत उलटी होणं अगदी नेहमीचं. संस्थेतून मुलुंडला आणताना पोट भरलेलं नको, प्लास्टिकच्या पिशव्या, ओला नॅपकिन, कपड्यांचा जादा जोड जवळ ठेवा. मग रोज छोटी फेरी: रिक्षा, बस, लिफ्ट, सरकता जिना. दिल्लीचा दोन तासांचा विमानप्रवास ही पंधरा-सोळा तासांच्या प्रवासाची रंगीत तालीम समजा. कोणतं औषध देऊन झोपवायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

अमेरिकेत पोचल्यावरचं थोडक्यात. इथेच दत्तक पूर्ण झालं असेल तर तिला आयएच-3 व्हिसा मिळतो. त्यावर तिथे दाखल होताच, 2000 च्या बाल नागरिकत्व कायद्याप्रमाणे ती आपोआप अमेरिकी नागरिक होते आणि नागरिकत्वाचं प्रमाणपत्र टपालाने घरी येतं. त्याच क्षणी तिचं भारतीय नागरिकत्व संपतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर पुन्हा प्रवास करायचा नाही. तो सरेंडर करून मग तिचं ओसीआय काढायचं. पुढच्या गणपतीला तुमच्याकडे यायचं तर हे काम पोचल्यावर पहिल्या काही महिन्यांतच सुरू करावं. एजन्सी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी मुलीचा अहवाल फोटोंसह ‘कारा’ला पाठवते, म्हणजे दोन वर्षांत सहा अहवाल. त्यासाठी भेटायला येणारं माणूस हेर म्हणून येत नाही. शाळेत, झोपेत, बोलण्यात काही अडत असेल तर त्याच वेळी सांगून मदत मागायची.

आजच्या आज करण्याजोगी कामं दोनच: लेकीला फोन करून आर्टिकल फाइव्हच्या पत्राचं विचारा, आणि लेक-जावयाची नावं पासपोर्टवर कशी छापली आहेत त्याचे फोटो मागवून संस्थेला द्यायचा तो कागद लिहायला घ्या.